पुढे न जाणारा रस्ता

तमिळनाडूतल्या कोडाईकनाल या थंड हवेच्या गावातून एक रस्ता पश्चिमेकडे निघतो. वीस-बावीस किलोमीटर जंगलातून वळणं घेत तो बेरिजम नावाच्या तलावापाशी येऊन थांबतो. या रस्त्यावर जायचं तर वनखात्याचा परवाना काढावा लागतो. दिवसाला मोजक्याच गाड्यांना तो मिळतो आणि दुपार टळायच्या आत परत फिरावं लागतं. हत्तींचा कळप आसपास आला की त्या दिवसापुरते, कधी अनेक दिवसांपुरते, परवाने बंद होतात. तलावात होड्या नाहीत, पोहायला परवानगी नाही, काठावर हॉटेल नाही. कोडाईकनालच्या गावातल्या तलावाभोवती सायकली, घोडे आणि खाऊच्या गाड्यांची जी गर्दी असते, तिचा इथे मागमूस नाही.

एके काळी हा रस्ता इथे थांबत नव्हता. डोंगरमाथ्यावरून तो थेट केरळातल्या मुन्नारला पोचत होता. तो पुढे जायचा थांबला आणि म्हणूनच इथलं जंगल वाचलं. हा रस्ता कोणी आणि कशासाठी बांधला, त्याच्या दोन्ही बाजूंना जे हिरवं दिसतं त्यातलं मूळचं किती आणि आणलेलं किती, आणि तलावात पाणी येतं कुठून, हे उलगडत गेलं की सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जंगलाबद्दलच्या आपल्या बऱ्याच समजुती तपासून घ्याव्या लागतात.

दलदलीतून तलाव

सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण धावते. दक्षिणेला तिला पूर्वेकडे एक मोठा फाटा फुटतो. तेच पळणीचे डोंगर. सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४० किलोमीटर रुंद असलेला हा डोंगर मदुराईच्या मैदानावर उभा आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या माथ्याची उंची २,००० मीटरांच्या वर आहे आणि काही शिखरं २,५०० मीटरांपर्यंत जातात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरांचं आहे, म्हणजे बेरिजमचा तलाव कळसूबाईच्याही कितीतरी वर आहे.

पूर्वेकडे सरकलेल्या या जागेमुळे पळणीला दोन पावसाळे मिळतात. जून ते सप्टेंबरमधल्या नैऋत्य मोसमी पावसातला काही भाग पश्चिमेकडून येतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून दुसरा, भरघोस पाऊस आणतात. उत्तर उतारावरचं पाणी अमरावती नदीमार्गे कावेरीला मिळतं, तर दक्षिण उतारावरचं वैगई नदीला. पावसाच्या छायेत पसरलेल्या कोरड्या मैदानातली गावं, शेतं आणि शहरं या डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्यावर जगतात.

१८६०च्या दशकात मद्रासच्या फौजेतले डग्लस हॅमिल्टन या डोंगरांची पाहणी करत फिरत होते. आज जिथे बेरिजम आहे तिथे त्यांना एक लांबरुंद दलदलीचं खोरं दिसलं. पूर्वी कधीतरी इथे मोठा तलाव असावा आणि पुढे तो फुटून रिता झाला असावा, असं त्या खोऱ्याच्या आकारावरून त्यांना वाटलं. या जागेला आजही ‘फोर्ट हॅमिल्टन’ म्हणतात, पण किल्ला वगैरे इथे कधीच नव्हता. पुढे दलदलीच्या तोंडाशी बांध घातला गेला, पाणी साठलं आणि सुमारे २४ हेक्टरांचा तलाव तयार झाला. म्हणजे बेरिजम हा निसर्गनिर्मित तलाव नाही. कोडाईकनाल गावातला तलावही तसाच. मदुराईचे जिल्हाधिकारी व्हेअर लेव्हिंज यांनी १८६३ मध्ये ओढ्यांवर बांध घालून तो तयार केला.

दोन्ही तलाव माणसानेच केले, पण पुढे त्यांची नशिबं वेगळी झाली. गावातला तलाव पर्यटनाचा मध्यबिंदू झाला. बेरिजमचं पाणी डोंगराखाली पेरियकुळम गावाला पिण्यासाठी जाऊ लागलं. तलावाची खरी राखण झाली ती या एका कारणामुळे. प्यायच्या पाण्यात साबण, तेल आणि प्लास्टिक जाऊ द्यायचं नसेल तर काठावर वस्ती आणि बाजार येऊ देता येत नाही, हे सगळ्यांना कळतं. निसर्गाच्या सौंदर्याची बाजू मांडणाऱ्याला वाद घालावा लागतो, पिण्याच्या पाण्याची बाजू मांडणाऱ्याला तेवढा घालावा लागत नाही.

युद्धकाळातली पळवाट

कोडाईकनाल वसवलं ते १८४५ मध्ये मदुराईहून वर आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी. मैदानातला उन्हाळा आणि रोगराई यांतून सुटका हा त्यांचा हेतू होता. त्यांच्यामागून इंग्रज अधिकारी आले आणि बंगले, बागा, चर्च यांचं गाव उभं राहिलं. बेरिजमकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम १९२९ च्या जूनमध्ये सुरू झालं. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड गोशेन यांच्या नावाच्या या रस्त्याची कोनशिला सर थॉमस मॉयर यांनी बसवली. ती जागा आता ‘मॉयर पॉइंट’ म्हणून ओळखली जाते. बेरिजमच्या संरक्षित रस्त्याला तिथूनच सुरुवात होते.

या रस्त्याला महत्त्व आलं ते दुसऱ्या महायुद्धात. १९४२ च्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे बॉम्ब टाकले. मद्रासवर हल्ला होणार या भीतीने शहरातून हजारो माणसं बाहेर पडली. किनाऱ्यावर शत्रू उतरलाच तर पूर्वेकडून डोंगरावर चढायचं आणि माथ्यामाथ्याने पश्चिमेला कोचीनच्या बंदरापर्यंत पोचायचं, यासाठी कोडाईकनाल-मुन्नार मार्ग सुधारून घेण्यात आला. लोक त्याला ‘एस्केप रोड’ म्हणू लागले. वंदरावू शिखराजवळ हा रस्ता २,४०० मीटरांच्या वर चढायचा. हिमालय सोडला तर भारतात इतक्या उंचीवरून जाणारे मोटाररस्ते फारच थोडे.

जपानी सैन्य आलं नाही. स्वातंत्र्यानंतर रस्त्याचा वापर होत राहिला, पण सांभाळ कमी होत गेला. माथ्यावरचा पाऊस, कोसळणाऱ्या दरडी, मध्ये येणारी दोन राज्यांची सीमा आणि दोन्हीकडचं राखीव जंगल यांच्यात तो अडकला. १९९० मध्ये बेरिजमच्या पुढची वाहतूक बंद झाली. रस्त्यावर गवत आणि झुडपं आली, कडेच्या भिंती ढासळल्या. केरळच्या बाजूला याच मार्गालगतचं पांपाडुम शोला हे छोटंसं जंगल २००३ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. तमिळनाडूच्या बाजूला २०१३ मध्ये सुमारे ६०९ चौरस किलोमीटरांचं कोडाईकनाल वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. त्यासाठी पळणी हिल्स कॉन्झर्वेशन कौन्सिलसारख्या स्थानिक संस्थांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला होता.

माणसांची ये-जा थांबल्यावर डोंगरमाथ्याचा सलग पट्टा पुन्हा प्राण्यांच्या वाट्याला आला. गवे, सांबर, रानकुत्रे, बिबटे, काळ्याभोर अंगाची आणि पिवळसर डोक्याची निलगिरी वानरं आणि ऋतूप्रमाणे खालून वर येणारे हत्ती या पट्ट्यात वावरतात. डांबराची एक पट्टी जंगलाचं क्षेत्रफळ फारसं खात नाही. पण तिच्यावरून रात्रंदिवस गाड्या धावू लागल्या की एका बाजूचं जंगल दुसऱ्या बाजूपासून तुटतं. बेडूक, सरडे, साप चिरडले जातात, मोठे प्राणी रस्ता ओलांडायचं टाळतात आणि कडेकडेने येणारी तणं आत शिरतात. वाहतूक बंद झाली की ही तोडही हळूहळू सांधत जाते.

शोला आणि गवत

बेरिजमच्या वाटेवर ओळखायला शिकावं असं पहिलं जंगल म्हणजे शोला. ते डोंगराच्या घळींत, ओढ्यांच्या काठाने, पदराआड लपल्यासारखं असतं. उंची फार नाही, बहुतेक झाडं १५ मीटरांच्या आतबाहेर. माथे घुमटासारखे गोल आणि एकमेकांत गुंतलेले. नवी पालवी तांबूस, किरमिजी, पोपटी अशा अनेक छटांची असते, त्यामुळे दुरून पाहिलं की सगळ्या वनाचा रंग एकसारखा कधीच दिसत नाही. जांभूळ, चाफा, रुद्राक्ष, दालचिनी ही मराठी माणसाच्या ओळखीची नावं, आणि शोलात याच झाडांची डोंगरी भावंडं भेटतात. खोडांवर शेवाळ, नेचे आणि आमऱ्या इतक्या दाट असतात की साल दिसत नाही. ओढ्याकाठी वृक्षनेचे उभे असतात.

शोलाच्या तळाशी पानांचा जाड, ओलसर थर असतो, जणू डोंगराच्या अंगावर पांघरलेली गोधडीच. पाऊस आधी पानांवर, मग शेवाळावर, मग या थरावर पडतो आणि जमिनीवर त्याचा मारा बसत नाही. पाणी मुरतं आणि पाऊस संपल्यावरही महिनोन् महिने थेंबाथेंबाने ओढ्यात येत राहतं. धुकं आलं की पानं आणि शेवाळ त्यातलाही ओलावा टिपून घेतात. म्हणूनच शोलातले ओढे भर उन्हाळ्यात वाहतात.

शोलाच्या बाहेर पाऊल टाकलं की एकदम उघडं माळरान लागतं. घळीत जंगल आणि टेकड्यांच्या पाठींवर गवत, अशीच या उंचीवरच्या सह्याद्रीची मूळ रचना आहे. जंगल आणि गवत यांच्यामधली सीमा इतकी ठळक असते की पूर्वी अनेकांना वाटे, हे गवत म्हणजे माणसाने जंगल तोडून, जाळून केलेला बोडका भाग असणार. पण निलगिरीच्या डोंगरांतल्या दलदलींत हजारो वर्षं थरावर थर साठलेला वनस्पतींचा गाळ तपासला तेव्हा कळलं की ही गवताळ रानं २० हजार वर्षांपूर्वीही होती. हिमयुगाच्या कोरड्या, थंड काळात ती पसरली आणि उबदार, ओल्या काळात आक्रसली. शेती आणि कुऱ्हाड इथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून गवत इथे नांदत आहे.

गवत टिकतं त्याची अनेक कारणं आहेत. सर्वांत महत्त्वाचं कारण थंडी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्या माळावर पारा शून्याजवळ उतरतो आणि सकाळी गवताच्या पात्यांवर दहिवर गोठलेलं दिसतं. शोलातल्या झाडाचं बी माळावर पडून रुजलं तरी त्याचं कोवळं रोप अशा रात्रीत मरतं. जंगलाच्या छपराखाली मात्र तेच रोप तगतं. जाड सालीचा, लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन तेवढा या थंडीला आणि वणव्याला तोंड देत माळावर एकटादुकटा उभा राहतो.

याच माळावर कुरिंजी फुलते. सलग १२ वर्षं पानांवर काढून एकाच वर्षी सगळी झुडपं एकदम फुलतात, बी धरतात आणि मरतात. २००६ आणि २०१८ ही तिच्या बहराची वर्षं होती. मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. आपली कारवी कुरिंजीच्याच कुळातली आणि प्रजातीतली. ती दर सात-आठ वर्षांनी भीमाशंकर, माळशेज आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात फुलते आणि मरते. कारवीचा मध आणि कुरिंजीचा मध यांना आपापल्या मुलखात सारखाच मान आहे. एकाच सह्याद्रीच्या दोन टोकांना एकाच घराण्यातल्या या दोन वनस्पतींनी वर्षं मोजून फुलायची तीच रीत धरली आहे.

झाडं लावण्याची घाई

बेरिजमच्या रस्त्यावर जाणाऱ्या प्रवाशाला सर्वांत जास्त भावतात ती उंच, सरळ, ओळीने उभी पाइनची झाडं. खोडांमधून तिरपं ऊन येतं, जमिनीवर सुयांसारख्या पानांचा तपकिरी गालिचा असतो आणि धुकं उतरलं की सगळं स्वप्नासारखं दिसतं. कोडाईकनालच्या पाइनच्या बनांत कितीतरी चित्रपटांची गाणी चित्रित झाली आहेत. पण यातलं एकही झाड इथलं नाही. कोडाईकनालमध्ये पाइनची लागवड १९०६ च्या सुमाराला ब्रायंट या वनाधिकाऱ्याने सुरू केली. आज दिसणाऱ्या पाइनमध्ये मेक्सिकोतून आणलेली जात मोठ्या प्रमाणात आहे. त्यांच्या जोडीला आहेत ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी आणि वॉटल ही झाडं.

ही झाडं आली कारण गवत रिकामं समजलं गेलं. इंग्रजी महसुली नजरेत ज्या जमिनीवर पीक नाही आणि इमारती लाकूडही नाही ती पडीक ठरायची. स्वातंत्र्यानंतर हीच नजर पुढे चालू राहिली. कातडी कमावायला लागणारं टॅनिन वॉटलच्या सालीतून मिळतं आणि रेयॉनच्या धाग्यासाठी लगदा निलगिरीच्या लाकडातून. देशाला परकीय चलन वाचवायचं होतं, कारखान्यांना कच्चा माल हवा होता आणि जळणासाठी शोला तुटू नये असाही एक चांगला हेतू होता. त्यामुळे विशेषतः १९६० ते १९८० च्या दशकांत माळरानं भराभर झाडांखाली गेली. ज्यांनी ही झाडं लावली त्यांना आपण डोंगर हिरवे करतो आहोत असंच मनापासून वाटत होतं.

या कामाचा हिशेब उपग्रहांच्या चित्रांनी मांडला. १९७३ ते २०१४ या काळातल्या चित्रांची तुलना करून संशोधकांनी २०१८ मध्ये पळणीबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार दशकांत तिथल्या गवताळ रानांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाहीशी झाली होती. मूळच्या शोलाचाही जवळजवळ तिसरा हिस्सा गेला होता. त्याच काळात लावलेल्या झाडांखालचं क्षेत्र कित्येक पटींनी वाढलं होतं. वनाच्छादनाचे आकडे पाहणाऱ्याला मात्र इथे जंगल वाढलेलं दिसलं असतं.

गवताच्या जागी झाडं आली तर पाण्याचं काय होतं, याचं मोजमाप निलगिरीच्या डोंगरांत ग्लेनमॉर्गन इथे दीर्घकाळ केलं गेलं. शेजारी-शेजारी दोन छोटी पाणलोट क्षेत्रं घेतली. एकात गवत तसंच ठेवलं, दुसऱ्यात निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत निलगिरीच्या ओढ्यातून वाहणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. ती झाडं तोडून खोडांना पुन्हा फुटवे येऊ दिले तेव्हा दुसऱ्या फेरीतली घट आणखी वाढली. कारण सरळ आहे. झपाट्याने वाढणारं सदाहरित झाड बारा महिने खोलवरचं पाणी ओढतं आणि पानांतून हवेत सोडतं. गवताची मुळं उथळ, कोरड्या महिन्यांत त्याची पाती सुकतात आणि पाण्याची उचल जवळजवळ थांबते. वाचलेलं पाणी मुरून ओढ्यात येतं. झाडं लावली की पाणी वाढतं, हे प्रत्येक डोंगराला लागू पडत नाही.

महाराष्ट्रात आपण हीच समजूत उराशी धरून चाललो आहोत. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प, कोकणाच्या जांभ्या दगडावर ऑस्ट्रेलियन बाभूळ, असं वर्षानुवर्षं लावत आलो. सड्यावर खड्डे खोदून रोपं लावणं हे पुण्याचं काम मानलं. त्याच सड्यांवर पावसाळ्यात इतरत्र कुठेही न आढळणाऱ्या वनस्पती उगवतात, हे कास पठारामुळे आता कुठे घराघरांत पोचलं आहे.

वडाळ्याच्या पाद्रीबाबांचा पक्षी

बेरिजमच्या रस्त्यावर शोलाच्या कडेला झुडपांतून हसल्यासारखा, एकमेकांत मिसळणारा आवाज येतो. डोळ्यावरून जाणारी पांढरी भुवई, राखाडी गळा आणि तांबूस पोट असलेला हा पक्षी म्हणजे पळणी लाफिंगथ्रश. त्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दाचा धागा थेट महाराष्ट्रात येतो.

सॅम्युएल बेकन फेअरबँक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वडाळा या गावी त्यांनी आयुष्याची अनेक वर्षं काढली. धर्मप्रसाराच्या जोडीने पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास हा त्यांचा ध्यास होता. खंडाळा, महाबळेश्वर आणि बेळगाव परिसरातल्या सह्याद्रीच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी पक्षी-अभ्यासक ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात १८७६ मध्ये छापून आली. पळणीच्या डोंगरावरही त्यांनी पक्षी गोळा केले. त्यांतल्या या पक्ष्याचं वर्णन प्राणि-अभ्यासक विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये केलं आणि त्याला फेअरबँक यांचं नाव दिलं.

या पक्ष्याची गोष्ट दीडशे वर्षांनी आणखी पुढे गेली. पालघाटची खिंड सह्याद्रीला मध्येच तोडते. खिंडीच्या उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनैमलै आणि पळणी. शोलात राहणाऱ्या, फार लांब न उडणाऱ्या पक्ष्यांसाठी मधलं उष्ण, सखल मैदान समुद्रासारखं आहे. त्यामुळे खिंडीच्या दोन बाजूंचे पक्षी लाखो वर्षं एकमेकांपासून वेगळे वाढले. जनुकांच्या अभ्यासावरून २०१७ मध्ये हे लाफिंगथ्रश ‘माँटेसिंक्ला’ या स्वतंत्र प्रजातीत घातले गेले. त्याच अभ्यासात शोलाकिली नावाच्या निळसर पक्ष्यांनाही ‘शोलिकोला’ ही वेगळी प्रजाती मिळाली. सह्याद्रीचे उंच माथे ही आकाशातली बेटं आहेत आणि प्रत्येक बेटावर जीवसृष्टीने आपापली घराणी उभी केली आहेत. अशा एका बेटावरचं जंगल गेलं तर तिथला जीव शेजारच्या डोंगरावरून परत आणता येत नाही, कारण शेजारच्या डोंगरावर तो नसतोच.

तोडायचं की राहू द्यायचं

परकी झाडं नुकसान करतात हे कळल्यावर ती तोडून टाकावीत असं कोणालाही वाटेल. मद्रास उच्च न्यायालयानेही आगंतुक वनस्पती हटवण्याचे आदेश दिले आहेत आणि तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये त्यासाठी धोरण जाहीर केलं. पण पळणीचा डोंगर इथे एक अवघड धडा देतो.

वॉटलच्या बिया जमिनीत दशकानुदशकं जिवंत राहतात. झाड तोडलं की ऊन जमिनीवर पडतं, आग लागली तर बियांची कवचं फुटतात आणि एका झाडाच्या जागी शेकडो रोपं उगवतात. मुळांनाही फुटवे येतात. त्यामुळे नुसतं तोडून थांबलं तर वॉटल आधीपेक्षा दाट होतं. तोडणीनंतर अनेक वर्षं, दर हंगामात रोपं उपटत राहण्याची तयारी हवी.

दुसरी गोष्ट त्याहून विचार करायला लावणारी. कोडाईकनालच्या आसपास काम करणाऱ्या वट्टकनाल कॉन्झर्वेशन ट्रस्टच्या कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं की जुन्या वॉटल आणि पाइनच्या सावलीत शोलाची रोपं आपण होऊन वाढत आहेत. उघड्या माळावर थंडीने मरणारं रोप या परक्या झाडांच्या छपराखाली वाचतं. पक्षी त्यांच्या फांद्यांवर बसतात, विष्ठेतून बिया टाकतात आणि हळूहळू खाली देशी जंगल उभं राहतं. अशा ठिकाणी यंत्रं लावून सगळं साफ केलं तर परक्या झाडांबरोबर हे उगवतं जंगलही जाईल.

म्हणून प्रत्येक उताराचा निर्णय वेगळा करावा लागतो. जिथे माळ अजून शिल्लक आहे आणि वॉटल नुकतंच शिरतं आहे तिथे पहिली धाव घ्यायची, कारण गवत एकदा पूर्ण गेलं की ते परत आणणं फार कठीण. जिथे जुन्या लागवडीखाली शोला उगवला आहे तिथे थांबायचं, परक्या झाडांना त्यांचं आयुष्य संपवू द्यायचं आणि मधूनमधून एखादं काढत देशी झाडांना ऊन मिळेल एवढं पाहायचं. अशा कामाचं उद्घाटन करता येत नाही आणि एका पंचवार्षिकीत ते संपतही नाही. त्याला जागच्या जागी पिढ्यानपिढ्या लक्ष देणारी माणसं लागतात. केवळ झाडांची संख्या मोजणारी सरकारी पद्धत या कामाला अपुरी आहे.

फाटकाचं मोल

कोडाईकनाल-मुन्नार रस्ता पुन्हा सुरू करा, ही मागणी वर्षानुवर्षं अधूनमधून डोकं वर काढते. तिच्यामागे खरी गरज आहे हे मान्य केलं पाहिजे. सीमेजवळच्या डोंगरी गावांतल्या शेतकऱ्याला लसूण, बटाटे, गाजरं जवळच्या बाजारात न्यायची असतात, आजारी माणसाला दवाखान्यात पोचवायचं असतं, आणि डोंगर उतरून पुन्हा चढायचा फेरा लांबचा पडतो. या गावांना आरोग्यसेवा, शाळा आणि शेतमालाची सोय मिळालीच पाहिजे, आणि त्यासाठी आधीच असलेले, वस्तीतून जाणारे रस्ते नीट करणं हा मार्ग आहे. अभयारण्याच्या माथ्यावरून दोन गजबजलेल्या पर्यटनस्थळांना जोडणारा हमरस्ता खुला केला, तर त्यावर शेतकऱ्याच्या टेम्पोपेक्षा सुट्टीतल्या गाड्यांचीच रांग लागेल. तिच्यामागून टपऱ्या, पार्किंग, रिसॉर्ट आणि कचरा येईल. कोडाईकनालच्या गावात हे घडून गेलं आहे. तिथली गर्दी इतकी झाली की उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला येणाऱ्या वाहनांसाठी ई-पास बंधनकारक करावा लागला.

महाराष्ट्राला असा संयम अपरिचित नाही. माथेरानला पेट्रोल-डिझेलच्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे आपण पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीतून जातो. त्या नियमामुळे माथेरानचं रान टिकलं. २०१२ मध्ये सह्याद्रीतल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर झाल्या. त्यांत साताऱ्याचं कास पठार आहे. फुलांच्या हंगामात तिथे दिवसाला ठरावीक संख्येनेच माणसं सोडतात. सुरुवातीला या दोन्ही ठिकाणी कुरकुर झाली असेल, पण आज तिथे जाणारा माणूस त्या बंधनाचंच फळ अनुभवतो.

बेरिजमच्या फाटकाबद्दल मला म्हणूनच कृतज्ञता वाटते. त्या फाटकावर परतावं लागलेल्या पर्यटकाची निराशा खरी असते, पण दुसऱ्या दिवशी परवाना घेऊन येणाऱ्याला जे जंगल मिळतं ते त्या निराशेतूनच वाचलेलं असतं. रस्ता बांधताना आपण किती किलोमीटर, किती खर्च, किती गाड्या एवढंच मोजतो. डोंगरावरचा रस्ता असेल तर आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. या उताराचं पाणी कोणत्या गावाच्या नळाला जातं? इथलं गवत खरंच रिकामं आहे की हजारो वर्षांचं नांदतं रान आहे? आणि हा रस्ता कोणत्या प्राण्याचं घर दोन तुकड्यांत तोडणार आहे? आपल्या आंबोलीला, ताम्हिणीला, भीमाशंकरला घाट रुंद करायचा प्रस्ताव येईल तेव्हा हे प्रश्न ग्रामसभेत, वर्तमानपत्रांत आणि सुनावणीत विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. उत्तरं समाधानकारक असतील तर रस्ता जरूर व्हावा. नसतील तर जिथे तो पोचला आहे तिथेच त्याला थांबवण्याचं धैर्य आपल्यात असावं, कारण खाली मैदानात राहणाऱ्या माणसांची तहान त्या थांबण्यावर अवलंबून आहे.